उणे सत्तर

सोमवारी सकाळी आठ वाजता मी मेन स्विचच्या दांड्यावर बांधलेला झेंडूचा हार सोडला आणि दांडा वर केला. मजल्यावरचे पंखे फिरायला लागले. आणि पॅसेजच्या टोकाला, खिडकीच्या खोलीत, एक कॉम्प्रेसर घरघर करत सुरू झाला.

तो सुरू व्हायला नको होता. कारण तो बंदच पडायला नको होता.

मी पळत गेलो. फ्रीजरखाली पाणी साचून दारापर्यंत आलं होतं. तबकडीवरचा काटा शून्याच्या पलीकडे जाऊन टेकला होता. फ्रीजर उघडला. आतल्या भिंतींवर एरवी बोटभर बर्फ असायचा, तो नव्हता. नुसता ओला पत्रा. मधल्या कप्प्यात स्टँडमध्ये सव्वीस छोट्या नळ्या होत्या. एक उचलून तिरकी केली. आतलं पाणी इकडून तिकडे गेलं. नळी हाताला गार सुद्धा लागली नाही.

ते पाणी सव्वीस मुलांच्या पाठीच्या कण्यातून सुई घालून काढलेलं होतं. ते जमवायला माझ्या बायकोला अडीच वर्षं लागली होती.

ही नव्वद सालची गोष्ट. सोलापुरात एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी मेकॅनिक होतो. शिक्षण आयटीआय. सक्शन मशीन, पाण्याचे पंप, फ्रीज, पंखे, सगळं माझ्याकडे. माझी बायको महानंदा त्याच हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर, प्रयोगशाळेत. लग्न झालं तेव्हा ती बी.एस्सी. होती, नंतर तिने एम.एस्सी. केलं. हॉस्पिटलात सगळे तिला मॅडम म्हणायचे आणि मला मॅडमचे मिस्त्री. तोंडावर म्हणायचे, हसून. मीही हसायचो. आम्हाला मूलबाळ नव्हतं.

मुलांचे डॉक्टर होते पळसुले. त्यांच्याकडे एका प्रकारच्या फिटची मुलं यायची. त्या फिटमध्ये मूल पडत नाही, तोंडाला फेस येत नाही. बोलता बोलता दहा-पंधरा सेकंद थांबतं, डोळे उघडेच, आणि मग जिथे सोडलं तिथून पुढे चालू. दिवसातून पन्नास वेळा. घरच्यांना वाटतं पोर वेंधळं आहे, मास्तरांना वाटतं लक्ष नाही.

मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं. नंदाने मला ते ब्रेक म्हणून समजावलं होतं. मेंदूचं काम आवरून धरतं ते. फिट म्हणजे ब्रेक कमी पडला, असं सगळे धरून चालायचे. डॉ. पळसुल्यांचा संशय उलटा होता. या मुलांमध्ये ब्रेक जास्त लागत असेल, असं त्यांना वाटायचं. ते बघायचं तर पाठीतलं पाणी काढून त्यात गाबा किती हे मोजायला हवं. फिट येणाऱ्या मुलाचं पाणी तसंही काढायचे त्या काळी, मेंदूत क्षय किंवा जंत नाहीत ना हे बघायला. त्यातलंच थोडं नंदासाठी ठेवायचे, आई-बापाला विचारून.

एकदा मी बाह्यरुग्ण विभागात स्टुलावर चढून पंखा दुरुस्त करत होतो. खाली लक्ष्मीबाई येमूल आल्या होत्या, विड्या वळणाऱ्या. बरोबर सात वर्षांची अंबिका.

"मागासारखी बंद पडते ओ बाई पोरगी," लक्ष्मीबाई नंदाला सांगत होत्या. "बोलता बोलता बंद. परत चालू. बाईंनी शाळेत छड्या मारल्या, लक्ष नाय म्हणून."

नंदाने अंबिकाला विचारलं, "काय गं, कुठं जातीस मधेच?"

"मी कुठं जात नाही," अंबिका म्हणाली. "तुम्हीच सगळे पुढं जाता."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. नंदा हसली, मग तिचे डोळे भरले.

पाणी काढायचं तेव्हा मुलाला कुशीवर निजवून, गुडघे पोटाशी घेऊन धरतात. आईला बाहेर बसवतात. तिथे नंदाचं काम एवढंच होतं, की नळी हातात आली की ती बर्फाच्या थर्मासात टाकायची आणि जिना चढायचा. पण नंदा मुलाचा हात धरून बसायची. अंबिकाने तिचा अंगठा एवढा आवळला होता की संध्याकाळपर्यंत वळ होता. मला दाखवला तिने.

लक्ष्मीबाईंनी जाताना विचारलं होतं, "याचा काय उपयोग व्हनार बाई?"

"हिच्या पाण्यातून काही कळलं तर पुढच्या पोरांना औषध मिळेल."

"मग घ्या. पन एकदाच हां. परत नाय मी सुई घालू देनार."

"एकदाच," नंदा म्हणाली.

आता खंडेनवमीचं सांगतो. माझे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम होते. त्यांचा नियम होता, खंडेनवमीला यंत्र पुसायचं, हळदकुंकू लावायचं, हार घालायचा आणि दसरा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. वर्षभर राबतं, त्यालाही विसावा हवा. पूजेचा हार मधेच तोडून माग चालू केला म्हणून कुणाचं बोट गेलं, ही गोष्ट मी लहानपणापासून शंभरदा ऐकली होती. हॉस्पिटलात सगळी यंत्रं थांबवता येत नाहीत. पण प्रयोगशाळेचा मजला सुट्टीला बंदच असायचा. मी तिथला मेन स्विच खाली करायचो आणि दांड्यालाच हार बांधायचो. फ्रीजरची लाइन वेगळी होती, ती चालूच राहायची.

त्या वर्षी डॉ. पळसुले पूजेचा प्रसाद घ्यायला वर आले होते. खोबरं तोंडात टाकत म्हणाले, "मल्लिनाथ, देवीला सांगा, फ्रीजर सोडून बाकी सगळ्यांना सुट्टी द्या."

"सर, फ्रीजरची लाइन वेगळी आहे," मी म्हणालो. जरा तोऱ्यातच म्हणालो.

पण मुलांच्या नमुन्यांचा तो फ्रीजर मीच गणपतीच्या आधी खिडकीच्या खोलीत हलवला होता. जुन्या खोलीत छत गळत होतं. तिथे वेगळी लाइन ओढायची राहिली होती. तात्पुरता म्हणून साध्या प्लगवर लावला होता. तात्पुरता म्हणजे महिना झाला होता. हे मी साफ विसरलो. शुक्रवारी दुपारी चार वाजता दांडा खाली केला, हार बांधला, नमस्कार केला आणि घरी गेलो.

शनिवारी दसरा. संध्याकाळी वॉचमन शेखमामा सोनं द्यायला घरी आले. दरवर्षी यायचे. नंदाने त्यांना करंजी दिली. करंजी खाता खाता ते म्हणाले, "मल्लूशेट, तुमचा मजला काय शांत आहे ओ आज. एरवी तो फ्रीजर डोक्याशी ओरडतो. आज दुपारी मस्त डुलकी लागली बघा."

नंदा स्वयंपाकघरात होती. तिने ऐकलं नाही. मी ऐकलं, आणि त्याच क्षणी मला तो प्लग आठवला.

हॉस्पिटल घरापासून सायकलवर दहा मिनिटं. तेव्हाच गेलो असतो तर बर्फ अजून पुरता वितळला नसता. असे फ्रीजर दार बंद असेल तर एक-दीड दिवस दम धरतात, हे मला माहीत होतं. पण मनात पहिला विचार आला तो हाराचा. सोमवारी सकाळी पूजा करून सोडायचा हार दसऱ्याच्या दिवशीच कसा तोडायचा. दुसरा विचार आला की शेखमामांना झोपेत काय कळतंय. तिसरा, की दार बंद आहे, टिकेल. असे तीन विचार लागोपाठ आले आणि मी मामांना आणखी एक करंजी घेता का विचारलं.

सुट्टीच्या दिवशीही सकाळी एकदा जाऊन फ्रीजरचं तापमान वहीत लिहायचं, हे माझं काम होतं. मी कधी जात नसे. सोमवारी सगळे दिवस एकदम लिहायचे, उणे सत्तर, उणे सत्तर. रविवारी मी गेलो नाही. खरं सांगायचं तर घाबरून गेलो नाही. गेलो असतो तर बघावं लागलं असतं.

तर त्या सोमवारी मी फडक्याने पाणी पुसलं. तीन बादल्या झाल्या. नळ्या जशा होत्या तशा ठेवून दार लावलं. दोन तासांत काटा शून्याखाली गेला, नंदा यायच्या आत. तिला साडेदहाची ड्यूटी होती. मी वही काढली. शनिवार, उणे सत्तर. रविवार, उणे सत्तर. सोमवारच्या पुढेही तेच लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

दुपारी नंदाने फ्रीजर उघडला आणि मला हाक मारली.

"अहो, आतला बर्फ कुठे गेला?"

"साफ केला. पूजेसाठी."

"आणि नमुने?"

"शेजारच्या फ्रीजरमध्ये ठेवले होते तेवढ्यापुरते."

"लगेच हलवले ना?"

"लगेच. दहा मिनिटं सुद्धा नाही."

"किती छान केलंत," ती म्हणाली. "मी कधीची म्हणत होते, दार नीट लागत नाही म्हणून."

मी एवढं खोटं का बोललो, ते मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. नोकरी गेली नसती. पळसुले ओरडले असते आणि गप्प बसले असते. पण त्या हॉस्पिटलात यंत्रं चालू ठेवणं ही एकच गोष्ट मला येत होती. तीही येत नाही हे मला तिच्यासमोर कबूल करायचं नव्हतं. पाणी ते पाणीच, वितळलं आणि परत गोठलं, त्याला काय होतंय, अशी मी माझी समजूत घालून घेतली.

दिवाळीनंतर तुलनेसाठी दुसरे नमुने जमायला लागले. हर्नियासारख्या ऑपरेशनला आलेली, फिट नसलेली मुलं. त्यांना पाठीत भूल द्यायचे तेव्हा थोडं पाणी मिळायचं. ऑपरेशन थिएटरमध्ये नंदाला आत बसू देत नसत. दारातून नळी यायची, ती सरळ बर्फात. हे नमुनेही त्याच फ्रीजरमध्ये राहिले. तोपर्यंत मी वेगळी लाइन ओढली होती.

पुढच्या उन्हाळ्यात मोजणी झाली. नंदा संध्याकाळी घरी आली ती चप्पल घालूनच आत आली. एरवी असं कधी करायची नाही.

"दुपटीच्या आसपास आहे," ती म्हणाली. "फिट येणाऱ्या मुलांमध्ये गाबा जवळजवळ दुप्पट. सर टेबलावर थापच मारत होते. म्हणाले, महानंदा, आपण बरोबर होतो."

"नंदा," मी म्हणालो, "एक सांगायचं होतं."

"आज कुठलंही मशीन बिघडलं म्हणून सांगू नका हं," ती हसत म्हणाली. "आज एक दिवस सगळं चांगलं चाललंय असं म्हणा."

"सगळं चांगलं चाललंय," मी म्हणालो.

तिने हैदराबादला परिषदेत तो निबंध वाचला. मी बरोबर गेलो होतो. मागच्या खुर्चीवर बसलो होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी उठून तिला दोन प्रश्न विचारले, तिने न अडखळता उत्तरं दिली. मग तो निबंध एका मासिकात छापून आला. त्यावर दोन नावं, पळसुल्यांचं आणि तिचं. लक्ष्मीबाई अंबिकाच्या गोळ्या न्यायला आल्या की नंदा त्यांना म्हणायची, "तुमच्या पोरीचं पाणी कामी आलं बरं का." लक्ष्मीबाई म्हणायच्या, "मग हिचं नाव छापलं का त्यात?" नंदा म्हणायची, "नाव छापत नाहीत, पण अकरा नंबर म्हणजे अंबिका."

दोन वर्षांनी दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेतून पत्र आलं. त्यांनी हाच प्रयोग चाळीस मुलांवर करून पाहिला होता. त्यांना काही फरक सापडला नव्हता.

पळसुल्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. नंदा आधीच तिथे होती. टेबलावर पत्र होतं आणि माझी तापमानाची वही.

"बसा मल्लिनाथ," ते म्हणाले. "सरळ विचारतो. त्यांनी लिहिलंय की हे पाणी उबेला राहिलं तर त्यात गाबा आपोआप वाढतं. ते आम्हालाही माहीत आहे, म्हणून तर उणे सत्तर. नव्वद साली, पहिले सव्वीस नमुने होते तेव्हा, फ्रीजर कधी बंद पडला होता का?"

वाढतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. खराब होतं एवढं मला वाटत होतं. खराब झालं तर काहीच सापडणार नाही, असं मी धरून होतो. नसलेली गोष्ट त्यातून सापडेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

मी काही बोलायच्या आत नंदा म्हणाली, "सर, वही बघा ना. एक दिवस चुकलेला नाही. दसऱ्याला फ्रीजर साफ केला तेव्हा सुद्धा यांनी नमुने लगेच शेजारी हलवले होते. मशीनच्या बाबतीत यांचं कधी काही चुकत नाही."

"मला त्यांच्याकडून ऐकू द्या, महानंदा," पळसुले म्हणाले. "मल्लिनाथ?"

पंखा फिरत होता. त्याचा एक बेअरिंगचा आवाज येत होता, तो मी ऐकत होतो.

"बंद नव्हता, सर," मी म्हणालो.

पळसुल्यांनी वही मिटली. मग नंदा हळू आवाजात म्हणाली, "मग माझंच चुकलं, सर."

"तुमचं काय चुकणार? मी तुम्हाला थर्मास घेऊन जिन्यावरून पळताना पाहिलंय."

"पळण्याच्या आधी सर. मी मुलांपाशी थांबायचे. मूल रडत असलं की एका हातात नळी आणि दुसऱ्या हाताने त्याचा हात. नळी माझ्या मुठीत असायची. दोन मिनिटं, पाच मिनिटं. अंबिकाच्या वेळी तर तिने माझा अंगठाच सोडला नाही. दुसऱ्या मुलांच्या वेळी मी थिएटरच्या बाहेर असायचे. ते नमुने सरळ बर्फात गेले. फरक तिथेच पडला असणार. मुठीची ऊब."

"पाच मिनिटांत दुप्पट होत नाही हो."

"मग दुसरं काय आहे सर? फ्रीजर तर बंद नव्हता."

ती माझ्याकडे बघून म्हणाली नाही. संशयाने म्हणाली नाही. तिचा माझ्यावर विश्वास होता, म्हणून म्हणाली. आणि मी त्या खुर्चीत बसून राहिलो.

मासिकाच्या पुढच्या अंकात चार ओळी छापून आल्या. त्या तिनेच लिहून दिल्या होत्या. फिट येणाऱ्या मुलांचे नमुने बर्फात ठेवण्यास एम. एम. हत्तुरे यांच्याकडून विलंब झाला, त्यामुळे आलेले निष्कर्ष ग्राह्य धरू नयेत. एम. एम. हत्तुरे म्हणजे नंदा. पळसुले दोघांची नावं घाला म्हणत होते. तिने ऐकलं नाही. काही दिवसांनी पळसुल्यांनीही तो विषय सोडला.

नंदाने अर्ज करून साध्या लॅबमध्ये बदली मागून घेतली. साखर, युरिया, हिमोग्लोबिन. तिथे ती वीस वर्षं होती. काम चोख. लहान मुलांचं रक्त घ्यायची तेव्हा "हात पुढे" म्हणायची, सुई, कापूस, "पुढचा". मूल रडलं तर नर्सला म्हणायची, "धरा त्याला." स्वतः धरायची नाही. मी लॅबमध्ये काही दुरुस्तीला गेलो की हे बघायचो. एकदा घरी मी म्हणालो, "पूर्वी मुलांशी बोलायचीस."

"पूर्वी चुकायचेही," ती म्हणाली, आणि भाकरी उलटली.

माझ्या बहिणीचा नातू आमच्याकडे राहायला आला होता, तीन वर्षांचा. तो पडला, रडत तिच्याकडे गेला. तिने आधी हातातली वाटी खाली ठेवली, पदराला हात पुसले, मग मला म्हणाली, "अहो, घ्या याला."

मला वाटायचं, इतकी वर्षं झाली, आता सांगून काय होणार. सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मला त्या वाटीवरून कळायला हवं होतं.

यंदा मार्चमध्ये ती गेली. किडन्या निकामी झाल्या होत्या. शेवटचे अकरा दिवस मी तिच्या खाटेजवळ होतो. एका दुपारी ती डोळे उघडून म्हणाली, "तुम्ही काहीतरी बोलणार होता."

"पाणी देऊ का विचारत होतो," मी म्हणालो.

"द्या," ती म्हणाली. मी चमच्याने पाणी दिलं. त्यानंतर चौथ्या दिवशी ती गेली आणि तिची माती झाली.

डॉ. पळसुले पुण्याहून भेटायला आले. आता ऐंशीच्या पुढे आहेत, काठी घेतात. म्हणाले, "मल्लिनाथ, बाहेरच्या देशांत उंदरांवर पुष्कळ काम झालंय मधल्या काळात. या फिटमध्ये ब्रेक जास्त लागतो, हे खरं निघालं म्हणतात. पाठीच्या पाण्यात नाही, मेंदूतल्या पेशींच्या आसपास, तिथल्या तिथे. आपण चुकीच्या जागी शोधत होतो, पण प्रश्न बरोबर होता. मी तिला हे कळवायला हवं होतं. ती सोडून गेली नसती तर आम्ही पुढे गेलो असतो." मग म्हणाले, "तो विलंब मला कधी पटला नाही. तुम्हाला पटला होता?"

"मला त्यातलं काय कळतं, सर," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. सांत्वनाला ठेवतात तसा. मी तो ठेवू दिला.

अंबिका त्यानंतर आठवड्याने आली. चाळिशीची बाई आता, महापालिकेच्या शाळेत शिकवते. तिच्या फिट तेराव्या वर्षी आपोआप थांबल्या. आई गेल्याचं सांगितलं, चहा घेतला, नंदाच्या फोटोकडे बघत बसली.

"काका, एक विचारू? राग मानू नका."

"विचार की."

"त्या सुईच्या दिवशी बाईंनी माझा हात सोडला नव्हता. नंतर चारेक वर्षं मी गोळ्यांना आले की आधी मला जवळ घ्यायच्या. मग एकदम बंद. रक्त द्यायला गेले तर माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. मी आईला विचारलं, माझं काय चुकलं? आई म्हणाली, तुझ्या फिटमुळे त्यांचं काहीतरी काम बिघडलं म्हणतात. मला कित्येक वर्षं वाटायचं, मीच काहीतरी बिघडवलं." ती जरा हसली. "आता कळतंय, लहानपणी काहीही वाटतं. पण तुम्हाला माहीत असेल म्हणून विचारते. काय झालं होतं?"

"तिची बदली झाली होती," मी म्हणालो. "कामाचा ताण असायचा."

"तेच म्हटलं मी," अंबिका म्हणाली. तिने कप उचलून मोरीत नेऊन विसळला आणि ओट्यावर पालथा घातला.

ती गेल्यावर मी कागद घेऊन बसलो. मासिकाच्या संपादकांना, पळसुल्यांना आणि अंबिकाला, एकच मजकूर तिघांना पाठवावा असं ठरवलं. 'फ्रीजर शुक्रवारी दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंत बंद होता, तो मी बंद केला होता,' एवढंच लिहायचं होतं. तारीख घातली.

याला आता सात महिने झाले. मासिक अजून निघतं. त्यात नंदाच्या नावाने छापलेल्या त्या चार ओळी अजून तशाच आहेत. पत्र मी लिहिलेलं नाही.